प्राण्यांनी आधीच दिलेला इशारा

कोळशाच्या खाणीत विषारी वायूचा इशारा देणारा कॅनरी हा छोटा पक्षी सगळ्यांना माहीत असतो. त्यामागचे संशोधन तितके माहीत नसते. १८९६ मध्ये वेल्समधील टायलर्सटाउनच्या खाणीत स्फोट झाला. शरीरक्रियाशास्त्रज्ञ जॉन स्कॉट हाल्डेन यांनी मृतदेह तपासले, तेव्हा बहुतेक कामगार स्फोटाच्या तडाख्याने नव्हे, तर कार्बन मोनॉक्साइडने गेल्याचे दिसले. या वायूला ना रंग, ना वास. त्यांनी खाणीत लहान, उष्ण रक्ताचा प्राणी सोबत नेण्याचा सल्ला दिला. लहान जीवाचा श्वासोच्छ्वास जलद असतो, त्यामुळे विष त्याच्या अंगात माणसाच्या आधी भिनते. उंदीरही चालला असता, पण कॅनरी दांडीवरून कोसळला की लगेच नजरेत भरतो. ब्रिटनने कॅनरींच्या जागी यंत्रे आणायचे ठरवले ते थेट १९८६ मध्ये.

खाणीत पक्षी मुद्दाम नेला जाई. जपानमधील मिनामाता येथे मांजरांनी न विचारताच सांगितले होते. १९५०च्या दशकाच्या पूर्वार्धात कोळीवाड्यांतली मांजरे लाळ गाळत, झटके येऊन गरगर फिरत आणि मरत. ती खात होती तेच मासे माणसेही खात होती. १९५६ मध्ये माणसांतला आजार अधिकृतपणे नोंदवला गेला. तिथला रसायन कारखाना चालवणाऱ्या चिस्सो कंपनीच्या रुग्णालयातील डॉ. हाजिमे होसोकावा यांनी कारखान्याचे सांडपाणी अन्नात मिसळून मांजरांना दिले. १९५९ मध्ये ४०० क्रमांकाच्या मांजराला तीच लक्षणे दिसली. कंपनीने हा निष्कर्ष दडपला. मिथिल मर्क्युरी या पाऱ्याच्या विषारी संयुगाचे कारण सरकारने मान्य केले ते १९६८ मध्ये. या विषयात मला सर्वांत अस्वस्थ करणारी हीच नऊ वर्षे आहेत: पुरावा हाती होता आणि लोक तेच मासे खात होते.

बहिरी ससाण्याच्या बाबतीत पुरावा जुन्या संग्रहांत पडून होता. ब्रिटिश निसर्ग-अभ्यासक डेरेक रॅटक्लिफ यांनी संग्रहांत साठवलेली अंडी तपासली आणि १९४०च्या दशकाच्या अखेरीपासून कवच पातळ झाल्याचे १९६७ मध्ये दाखवून दिले. डीडीटी या कीटकनाशकाचा वापर वाढला तोही याच काळात. अमेरिकेने १९७२ मध्ये डीडीटीच्या शेतीतील वापरावर बंदी घातली.

पुढे लक्ष पाण्याकडे वळले. शिंपले पाणी गाळून खातात, त्यामुळे विषारी द्रव्ये त्यांच्या अंगात साठतात. पोलंडमध्ये काही ठिकाणी पिण्याच्या पाण्यावर जिवंत शिंपल्यांचा पहारा आहे: त्यांच्या कवचांना संवेदक जोडलेले असतात आणि बरेच शिंपले एकदम मिटले की थेट नियंत्रण कक्षात इशारा जातो. पाण्यात नेमके काय मिसळले आहे, हे मात्र प्रयोगशाळेतच शोधावे लागते.