सरकारी दवाखाना, पोटातला टॉवेल आणि भरपाईचा हक्क

जुलै १९६३. औरंगाबादच्या सरकारी स्त्री-रुग्णालयात एक बाई बाळंत झाली. १३ जुलैला तिची कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झाली आणि लगेच ताप व असह्य वेदना सुरू झाल्या. पुन्हा पोट उघडले तेव्हा आत राहिलेला टॉवेल सापडला. २४ जुलैला ती गेली. नवऱ्याने आणि मुलांनी सरकार व डॉक्टरांवर दावा लावला. दिवाणी न्यायालयाने ३६ हजार रुपये मंजूर केले, उच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला आणि सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली तो पुन्हा कायम केला. तोवर ३३ वर्षे उलटली होती. मराठवाड्यातून गेलेल्या या खटल्याने देशभरातल्या सरकारी दवाखान्यांची जबाबदारी ठरवली, आणि आपल्याकडेच तो फारसा कुणाला ठाऊक नाही याचे मला वाईट वाटते.

पोलिसांत फिर्याद देणे, शिक्षा मागणे हा फौजदारीचा मार्ग झाला. या कुटुंबाने भरपाई मागितली होती, आणि रुग्णालयाशी त्यांचा कसला करारही नव्हता. करार असो वा नसो, दुसऱ्याला इजा होणार नाही असे वागणे प्रत्येकाचे कर्तव्य आहे. ते मोडून नुकसान केले तर भरून द्यावे लागते. हाच अपकृत्य कायदा. काही अपकृत्ये जाणूनबुजून केलेली असतात : अंगावर धावून जाणे, मारहाण, कोंडून ठेवणे, दुसऱ्याच्या रानात शिरणे. यांत बहुधा नुकसान मोजून दाखवावे लागत नाही. बांध ओलांडला की अतिक्रमण झाले, मग ज्वारीचे एक ताटही मोडले नसले तरी. हयगयीचे तसे नाही. तिथे काळजी घेण्याचे कर्तव्य होते, ते पाळले नाही, त्यामुळेच इजा झाली आणि नुकसान खरोखर झाले, या चारही गोष्टी दावा लावणाऱ्याने शाबीत करायच्या असतात.

हा कायदा भारतात एका जागी लिहिलेला नाही. १८६० साली दंडसंहिता झाली. १८८६ मध्ये फ्रेडरिक पोलॉक यांनी दिवाणी अपकृत्यांच्या विधेयकाचा मसुदाही करून दिला, पण त्याचा कायदा कधी झाला नाही. मुंबई, मद्रास, कलकत्त्यात १७२६ च्या सनदेने आलेल्या मेयर कोर्टांपासून न्यायाधीश इंग्लंडचे दाखले घेत आले. लिखित कायदा नसेल तिथे ‘न्याय, समता आणि सद्विवेक’ पाहून निकाल द्यायचा असे. त्याचा अर्थ इथल्या परिस्थितीला मानवतील ते इंग्लिश नियम, असे प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे लंडनमधल्या तेव्हाच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, १८८७ मध्ये सांगितले. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता आणि वरच्या कचेऱ्यांचा कारभार उर्दूत चाले. १७ सप्टेंबर १९४८ ला मुक्ती मिळाली, १९५१ मध्ये बरेच केंद्रीय कायदे इकडे लागू झाले आणि १९५६ मध्ये आपण मुंबई राज्यात आलो. सात वर्षांनी ही बाई गेली.

हयगयीचा आजचा नियम १९३२ च्या एका स्कॉटिश खटल्यातून आला. जिंजर बिअरच्या बाटलीत गोगलगाय निघाल्याची ती तक्रार होती. आपल्या कृतीची झळ ज्याला बसेल हे आधीच दिसायला हवे, तो आपला शेजारी. त्याची काळजी घ्या, असे लॉर्ड ॲटकिन म्हणाले. पण हा शेजारधर्म सरकारला लागू होतो का? १८६१ च्या निकालातली गोष्ट अशी : कलकत्त्याच्या सरकारी गोदीतल्या कामगारांमुळे एका कंपनीचा घोडा जखमी झाला होता. तिथून एक भेद रूढ झाला : सरकार कुणीही करील असे काम करत असेल तर जबाबदार, फक्त राज्यकर्त्याचीच असते ती सार्वभौम सत्ता चालवत असेल तर नाही. स्वातंत्र्यानंतरही तो टिकला. कायद्यांत सुधारणा सुचवणाऱ्या विधी आयोगाचा १९५६ चा पहिलाच अहवाल सरकारच्या या जबाबदारीवर होता, त्याचाही कायदा झाला नाही. १९६२ मध्ये उदयपूरच्या कलेक्टरच्या जीपने मेलेल्या पादचाऱ्याच्या घरच्यांना भरपाई मिळाली. मेरठच्या पोलिसांनी जप्त केलेले सोने हवालदार घेऊन पळाला, त्या सराफाला मात्र १९६४ मध्ये काही मिळाले नाही, कारण पोलिसांचे ते काम सार्वभौम ठरले.

औरंगाबादच्या खटल्यात सार्वभौम सत्तेची हीच ढाल पुढे आली. सर्वोच्च न्यायालयाने ती बाजूला सारली : रुग्णालय चालवणे हे लोककल्याणाचे काम आहे, एकट्या सरकारनेच करावे असे ते सार्वभौम काम नाही. नेमकी चूक कोणाची हे बोट ठेवून सांगता आले नाही तरी नोकरांच्या हयगयीला मालक म्हणून सरकार जबाबदार. पोटात टॉवेल राहिला ही घटनाच हयगय सांगते. त्याच निकालात डॉक्टरांना न्यायही दिला आहे. कौशल्य प्रत्येकाचे वेगळे, उपचाराचे मार्ग अनेक. योग्य काळजी घेतली असेल तर केवळ रुग्ण दगावला म्हणून डॉक्टर दोषी ठरत नाही.

याचे मोल गरिबाला जास्त आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५ च्या निकालाने डॉक्टर ग्राहक कायद्याखाली आले, पण सगळ्यांनाच मोफत उपचार देणारे दवाखाने त्यातून वगळले. केसपेपरची नाममात्र फी धरली जात नाही. तिथल्या रुग्णाला दिवाणी दावाच उरतो.

बीडच्या ऊसतोड बायकांचे गर्भपिशवी काढण्याचे प्रकरण २०१९ मध्ये गाजले आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, तेव्हा बहुतेक चर्चा शस्त्रक्रिया गरजेची होती का, याची झाली. त्याआधीचा प्रश्न संमतीचा. २००८ मध्ये दिल्लीच्या एका रुग्णाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले होते की तपासणीला दिलेली संमती शस्त्रक्रियेची संमती होत नाही. जीव वाचवायचाच असेल तेवढा अपवाद. उपचार काय, धोके कोणते, दुसरा मार्ग आहे का, हे कळल्यावर दिलेला होकार तोच खरा. ‘कॅन्सर होईल’ असे खोटे भय घालून घेतलेला अंगठा या कसोटीवर टिकत नाही. मग शस्त्रक्रिया कितीही सफाईने केलेली असो, तो शरीरावरचा हल्लाच ठरतो.

अशा दाव्याला दिवाणी न्यायालयात साधारण तीन वर्षांची मुदत असते, ग्राहक आयोगात दोन. खाडा पडेल म्हणून दुखणे अंगावर काढणाऱ्या आणि निम्मे वर्ष फडावर असणाऱ्या बाईसाठी ती झपाट्याने सरते. रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत उपचाराची कागदपत्रे देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. मागणी लेखी करावी आणि पोच घ्यावी.