मित्राचा आहेर: स्टेजवरचा आणि घरातला

आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या आसपास खानदेशात लग्नांची झुंबड उडते. जळगावच्या सराफ बाजारापासून शहाद्याच्या भांड्यांच्या दुकानांपर्यंत सगळीकडे गर्दी, आणि एकेका घरात दोन-तीन पत्रिका येऊन पडलेल्या. सोयऱ्यांच्या आहेराचं फारसं कोडं पडत नाही. आपल्या घरच्या कार्यात त्यांनी काय केलं होतं ते वहीत लिहिलेलं असतं. वही काढायची, थोडी भर घालायची आणि परतफेड करायची. फ्रेंच अभ्यासक मार्सेल मॉस यांनी १९२५ साली भेटवस्तूंवर निबंध लिहिला, त्यात देणं, घेणं आणि परत करणं अशी तीन बंधनं सांगितली. आपली आहेराची वही या तिन्ही बंधनांचा लेखी हिशोब ठेवते, आणि त्यामुळे निर्णय सोपा होतो.

जिवलग मित्राचं लग्न निघालं की मात्र वही उपयोगी पडत नाही. त्याला मनापासून काहीतरी द्यायचं असतं. वस्तू दोघांच्या संसारात जाणार असते आणि त्या दोघांपैकी एकाच जिवाला आपण ओळखत असतो. होणाऱ्या वहिनींना साखरपुड्यात नमस्कार केला असेल तेवढाच. मग दुकानात उभं राहून आपण चमकणारं, मोठं, वेगळं असं काहीतरी उचलतो. आपण तसंच का उचलतो आणि ते घेणाऱ्याच्या घरी किती उपयोगी पडतं, हे गेली काही दशकं मानसशास्त्रज्ञ आणि अर्थशास्त्रज्ञ तपासून पाहत आहेत.

अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठातले जेफ गलाक आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी २०१६ साली या विषयावरचे अनेक प्रयोग एकत्र ठेवून पाहिले. त्यांना सगळ्यांच्या मुळाशी एकच तफावत दिसली. देणाऱ्याच्या डोळ्यांसमोर असतो तो भेट हातात पडण्याचा क्षण: कागद उघडला जातोय, चेहरा खुललाय, फोटो निघतोय. घेणाऱ्याच्या वाट्याला येतात त्यानंतरची वर्षं. वस्तू ठेवायची कुठे, धुवायची कशी, बिघडली तर दुरुस्त कोण करणार, हे प्रश्न त्या क्षणात कुणालाच दिसत नाहीत. काचेचा लेमन सेट, भिंतीवरचं घड्याळ, मोठी फ्रेम या वस्तू स्टेजवर शोभतात, म्हणून त्या पुन्हा पुन्हा निवडल्या जातात. एकाच घरात चार घड्याळं जमतात ती अशीच. चौघांनीही प्रेमानेच दिलेली असतात, हे इथे विसरता कामा नये.

किंमत वाढवून हा प्रश्न सुटत नाही. फ्रान्सिस फ्लिन आणि गॅब्रिएल अ‍ॅडम्स यांनी २००९ साली नुकतेच साखरपुडे झालेल्या जोडप्यांना अंगठीबद्दल विचारलं. जितकी महाग अंगठी तितकं तिला अधिक कौतुक, असं पुरुष धरून चालले होते. स्त्रियांच्या उत्तरांत किंमत आणि कौतुक यांचा असा संबंध आढळला नाही. ऐपतीबाहेर जाऊन आहेर करणाऱ्या आपल्याकडच्या तरुण पोरांनी हा निष्कर्ष जरूर लक्षात ठेवावा, असं मला फार वाटतं. पिकाला भाव नसलेल्या वर्षी उसने पैसे काढून केलेला आहेर मित्रालाही नकोच असतो.

लग्नाच्या भेटींवर थेट काम केलं ते फ्रान्सेस्का जिनो आणि फ्लिन यांनी, २०११ साली. अमेरिकेत वधूवर दुकानात जाऊन हव्या असलेल्या वस्तूंची यादी नोंदवून ठेवतात आणि पाहुणे तिच्यातून निवडतात. संशोधकांनी विवाहित लोकांचे दोन गट केले. एका गटाने स्वतःच्या लग्नात मिळालेली भेट आठवायची, दुसऱ्याने आपण कुणाला तरी दिलेली. देणाऱ्यांना वाटत होतं की यादीतली वस्तू काय किंवा आपल्या मनाने आणलेली काय, कौतुक सारखंच होणार. घेणाऱ्यांनी मात्र यादीतल्या वस्तूंचं कौतुक स्पष्टपणे जास्त केलं. पुढच्या प्रयोगांत त्याचं कारणही सापडलं. न सांगता आणलेल्या भेटीत आपली आपुलकी अधिक दिसेल, असा देणाऱ्याचा भरवसा असतो. घेणाऱ्याला आपुलकी दिसते ती आपलं म्हणणं ऐकून घेतलं यात.

आणि इथे जिवलग मित्रच जास्त चुकतात. मॉर्गन वॉर्ड आणि सुसान ब्रोनियार्झिक यांच्या २०१६ सालच्या अभ्यासात ओळखीपाळखीचे लोक यादी पाळताना दिसले आणि जवळचे मित्र यादी सोडून भलतंच घेताना. कारण जवळच्या मित्राला आपलं नातं वस्तूतून सिद्ध करायचं असतं. यादीतला कुकर कुणीही आणेल, मग मी त्याचा खास कोण, असं त्याला वाटतं. ही भावना खरी आहे आणि तिच्याबद्दल मला आदर वाटतो. पण तिच्या पोटी वस्तू दुय्यम होते आणि जिच्यासाठी घेतली ती दोन माणसं नजरेआड जातात.

आपल्याकडे अशा याद्या नसतात, पण विचारण्याची सोय आहे. आपली माणसं एकमेकांना अहिराणीत सरळ विचारतात, ‘भो, तुले काय जोयजे?’ लाजून तो ‘काही नको रे’ म्हणेलच. मग त्याच्या बहिणीला फोन करावा, वहिनींच्या भावाला विचारावं. कुणी काय द्यायचं ठरवलंय आणि काय अजून राहिलंय, हे घरातल्या ताईला नेमकं ठाऊक असतं.

विचारताना ‘काय हवंय’ याच्या बरोबरीने ‘राहणार कुठे’ हेही विचारावं. निम्मं विज्ञान या प्रश्नात आहे.

भुसावळ घ्या. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, पण हवा कोरडी असते. कूलरमध्ये पाणी गवताच्या किंवा हनीकॉम्ब पॅडवरून ओघळतं, पंखा त्यातून बाहेरची हवा ओढतो आणि पाण्याची वाफ होते. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता लागते, आणि ती त्या हवेतूनच काढून घेतली जाते. हवा जितकी कोरडी तितकं बाष्पीभवन जोरात. म्हणून भुसावळ-चोपड्याकडे चांगला कूलर खिडकी उघडी ठेवून लावला तर आत येणारी हवा दहा-पंधरा अंशांनीही उतरू शकते. चार मित्रांनी मिळून नव्या जोडप्याला कूलर दिला तर पहिल्याच उन्हाळ्यात ते दुवा देतील. तोच मित्र नोकरीसाठी ठाण्याला राहणार असेल तर? समुद्राकाठच्या हवेत आधीच इतकं बाष्प असतं की पाण्याची वाफ रडतखडत होते. कूलर खोलीत ओलावा भरतो आणि गारवा नावालाच देतो. वस्तू तीच, किंमत तीच, पण तिचा उपयोग हवेच्या कोरडेपणावर ठरला.

भांड्यांचंही असंच आहे. पितळेचं पातेलं स्टेजवर देखणं दिसतं, वजनदार असतं, देणाऱ्याला समाधान देतं. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. चिंच, ताक, टोमॅटो अशा आंबट पदार्थांत त्यांचे क्षार उतरतात, म्हणून आतून कथलाचा थर, म्हणजे कल्हई लागते. कथील २३२ अंशांना वितळतं, त्यामुळे कल्हईचं भांडं रिकामं तापवून चालत नाही, आणि वापराने थर झिजला की तो पुन्हा द्यावा लागतो. गावातल्या वाड्यात, जिथे कल्हईवाला अजून फेरी मारतो, तिथे हे पातेलं पिढ्यान् पिढ्या टिकेल. सुरतेत किंवा पुण्यात भाड्याच्या दोन खोल्यांत राहणाऱ्या जोडप्याकडे ते माळ्यावर जाईल. त्यांच्याकडे इंडक्शन शेगडी असेल तर आणखी एक अडचण. या शेगडीत आच नसते. आतल्या तारेच्या वेटोळ्यात विजेची दिशा सेकंदाला हजारो वेळा बदलते आणि त्यामुळे भांड्याच्या बुडातच वीजप्रवाह निर्माण होऊन बूड तापतं. हे नीट घडायला बुडाला लोहचुंबक चिकटायला हवा. पितळ, तांबं, अ‍ॅल्युमिनियम यांना तो चिकटत नाही. १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असलेल्या उत्तम स्टीललाही बहुधा चिकटत नाही, कारण निकेलमुळे त्यातल्या अणूंची मांडणी बदलते. भांडी घ्यायला जाताना खिशात छोटा लोहचुंबक ठेवावा आणि बुडाला लावून पाहावा. दुकानदार काही म्हणत नाहीत.

मग सरळ पाकीटच दिलं तर? एक रुपयाचं नाणं चिकटवलेलं पाकीट कोरडं वाटतं, अशी मित्रांना टोचणी लागते. जिनो आणि फ्लिन यांच्या शेवटच्या प्रयोगात देणाऱ्यांनाही पैशाचं कौतुक कमी होईल असंच वाटत होतं, आणि घेणाऱ्यांना पैसे जास्त आवडले. जोएल वाल्डफोगल या अर्थशास्त्रज्ञाने १९९३ साली येल विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना नाताळात मिळालेल्या भेटींचं मोल विचारलं, तेव्हा मूळ किमतीच्या दहा टक्क्यांपासून एक तृतीयांशापर्यंत मोल हवेत विरल्याचं दिसलं. नवा संसार मांडणाऱ्यांना गॅसची अनामत, घराचं डिपॉझिट असे खर्च समोर असतात. रोख रक्कम देण्यात कमीपणा मानू नये, फक्त सोबत दोन ओळींचं पत्र असावं.

दुसरी वाट अनुभवाची. सिंडी चॅन आणि कॅसी मोगिल्नर यांच्या २०१७ सालच्या संशोधनानुसार अनुभवाची भेट वस्तूपेक्षा देणाऱ्या-घेणाऱ्यांचं नातं अधिक घट्ट करते, मग तो अनुभव दोघांनी मिळून घेतलेला नसला तरी. तोरणमाळला दोन दिवस राहण्याची सोय, किंवा अजिंठ्याला जायला-यायला गाडी. फक्त तारीख त्यांना ठरवू द्यावी. लग्नानंतरचे पहिले महिने देवदर्शन आणि सोयऱ्यांकडच्या जेवणावळींतच जातात.

घाईही करू नये. ओहायो स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांना अलीकडेच असं आढळलं की भेट उशिरा दिल्याने नातं दुखावेल ही देणाऱ्यांची भीती प्रत्यक्षापेक्षा मोठी असते. लग्नाच्या दिवशी अक्षता टाकाव्यात, पंगतीत वाढायला उभं राहावं. मोठी वस्तू ती दोघं जिथे राहणार तिथे बस्तान बसल्यावर पाठवावी, खोक्यात बिल आणि गॅरंटी कार्ड ठेवून. म्हणजे त्यांना ती बदलायची झाली तर आपल्याला विचारावं लागणार नाही.