ताई इंग्लिशमध्ये, दादा मराठीत

आईबाप खर्च करणार तो मुलावर, हे आपण धरूनच चालतो. आमच्या कोथरूडच्या सोसायटीतल्या वॉचमनकाकांच्या घरी उलटं आहे. मुलगी इंग्लिश मीडियमला, मुलगा महापालिकेच्या मराठी शाळेत. विचारलं तर म्हणाले, "पोराला त्याचा मामा चिकटवंल चाकणला कंपनीत. पोरीला कोण चिकटवणार?"

कैवन मुन्शी आणि मार्क रोझेन्झ्वाइग या अर्थतज्ज्ञांचा २००६चा शोधनिबंध या एका वाक्यात मावतो. दादरच्या शाळांत वीस वर्षांत पहिलीला आलेल्या मराठी मुलांची माहिती त्यांनी जमवली. उदारीकरणानंतर इंग्रजी येणाऱ्याची कमाई वाढली, तशा खालच्या मानल्या गेलेल्या जातींतल्या मुली झपाट्याने इंग्रजी शाळांत गेल्या. भाऊ मात्र मराठीतच राहिले.

का, ते समजून घेण्यात खरी मजा आहे. कारखान्यात येणारा नवा पोरगा कसा आहे, हे मालकाला ठाऊक नसतं. मग जुना कामगार शब्द टाकतो. भाचा कामचुकार निघाला तर पत मामाची जाणार, म्हणून मामाच त्याच्यावर नजर ठेवतो. म्हणजे मामाची अब्रू हे मालकाकडे ठेवलेलं तारण! पण हे जाळं माणसांच्या संख्येवर टिकतं. एखादा हुशार मुलगा इंग्रजी शिकून ऑफिसात गेला, की उद्या शब्द टाकणारा एक कमी झाला. फायदा त्याच्या एकट्याचा, तोटा मागे उरलेल्या सगळ्यांचा. अर्थशास्त्रात याला बाह्यपरिणाम म्हणतात. त्यामुळे जातभाईंचं हे जाळं मुलांना धरून ठेवतं, आणि इंग्रजीचा परतावा वाढूनही सगळं जुन्या जागी रुतून बसतं. मुलींना या जाळ्यात जागाच नव्हती, तर त्यांना अडवणार कोण?

तेव्हा मुली इंग्रजीत गेल्या त्या 'उपजतच अभ्यासू' म्हणून वगैरे काही नाही.

नोकरीची वाट दिसली की मुली शाळेत जातात, हे आणखी एका अभ्यासात दिसलं. अर्थतज्ज्ञ रॉबर्ट जेन्सन यांनी दिल्लीभोवतालची काही गावं चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवडली आणि तिथे तीन वर्षं कॉल सेंटरसारख्या नोकऱ्यांसाठी तरुणींची भरती करणारी माणसं पाठवली. शाळा बांधली नाही, शिष्यवृत्ती दिली नाही. तरी तिथल्या पाच ते पंधरा वर्षांच्या मुलींचं शाळेत जाणं वाढलं. हा निबंध २०१२चा.

परवा काकांना विचारलं, मामा कंपनीत पर्मनंट आहे का?

"छे, ठेकेदाराकडं आहे. पण सुपरवायझर वळखीचा हाय."