ब्राँझमधला साइगो मुळात लाकडाचा होता: कोरीवकाम आणि मातीकाम यांतला गोंधळ

आधुनिक जपानी शिल्पकलेविषयी जे थोडेफार वाचायला मिळते, त्यात एक वाक्य या ना त्या रूपात हटकून भेटते: ताकामुरा कोउन या वडिलांनी लाकूड कोरले, ताकामुरा कोतारो या मुलाने ब्राँझ कोरले, आणि या दोन पिढ्यांच्या मध्ये जपानी शिल्प जुन्याचे नवे झाले. या वाक्याचा पहिला तुकडा अर्धा खरा आहे, दुसरा अशक्य आहे आणि तिसरा निव्वळ आळसातून आलेला आहे. ब्राँझ कोरत नाहीत. ते वितळवून साच्यात ओततात, आणि थंड झाल्यावर फार तर छिन्नी-कानस चालवून साफ करतात. गंमत अशी, की या बापलेकांच्या ज्या ब्राँझच्या पुतळ्याला ‘कोरलेला’ हे विशेषण ओढूनताणून का होईना, पण शोभते, तो मुलाचा नसून वडिलांचा आहे: तोक्योच्या उएनो बागेतला, साइगो ताकामोरी या सामुराई सेनानीचा.

किरकोळ घोटाळे आधी उरकून टाकतो. कोउन यांचा काळ 1852 ते 1934 आणि कोतारो यांचा 1883 ते 1956. कवी म्हणून जपानभर वाचले जातात ते कोतारो. याच घरात तोयोचिका नावाचा आणखी एक मुलगा होता आणि तो धातूचे ओतकाम करणारा नावाजलेला कलावंत होता, त्यामुळे नुसते ‘ताकामुरा’ असे लिहून कोणाचेच भले होत नाही. हे एकदा ध्यानात ठेवले की पुरते.

खरी मेख पद्धतीत आहे. दोन पद्धतींपैकी मातीकाम मराठी वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही. पेणच्या कारखान्यात शाडूचा नमुना, त्यावरून साचा आणि साच्यातून प्रती हा क्रम ज्याने एकदा पाहिला आहे, किंवा गणपतराव म्हात्रे यांची 1896 मधली प्लास्टरची ‘मंदिरपथगामिनी’ ज्याला ठाऊक आहे, त्याला त्यातले सगळे कळते. सांगाड्यावर माती चढवायची, नको तिथली काढायची, पुन्हा लावायची, मनासारखे झाले की साचा घेऊन प्लास्टरमध्ये उतरवायचे, आणि पैसा असेल तर पुढे ब्राँझमध्ये ओतायचे. युरोपीय शिल्पशाळेतला हा क्रम जपानमध्ये रीतसर शिकवला गेला तो 1876 मध्ये स्थापन झालेल्या सरकारी कोबु कलाशाळेत, सिसिलीहून आलेल्या व्हिन्चेन्झो रागुसा यांच्या हाताखाली. शाळा 1883 मध्ये बंद पडली, पण तिथे शिकलेल्या ओकुमा उजिहिरो यांनी पुढे लष्करी सुधारक ओमुरा मासुजिरो यांचा ब्राँझचा पुतळा घडवला आणि तो 1893 मध्ये तोक्योतल्या यासुकुनी देवस्थानात उभा राहिला.

कोरीवकामाची गोष्ट मात्र सावकाश सांगायला हवी, कारण ‘लाकडाची मूर्ती’ म्हटले की आपण ती परंपरेच्या खात्यात टाकून मोकळे होतो. कोउन 1863 मध्ये ताकामुरा तोउन या बौद्ध मूर्तिकाराकडे उमेदवारीला लागले. 1868 मध्ये शिंतो देवस्थाने आणि बौद्ध मंदिरे वेगळी करण्याचा सरकारी हुकूम निघाला आणि त्यापाठोपाठ बौद्ध मूर्तींची जी वाताहत झाली, तिने या धंद्याचा कणाच मोडला. मूर्ती जाळून त्यांवरचे सोने काढून घेण्यापर्यंत मजल गेली होती. तशा जाळायला निघालेल्या कान्नोन या करुणेच्या बोधिसत्त्वाच्या मूर्तींपैकी पाच वाचवल्याची हकीकत कोउन यांनी आठवणींत सांगितली आहे. निर्यातीच्या हस्तिदंती कामात त्या वेळी भरपूर पैसा होता, पण त्यांनी लाकूड सोडले नाही.

कोरणाऱ्याची खरी अडचण अशी, की काढलेले परत लावता येत नाही. माती चढवणारा उद्या विचार बदलू शकतो, पण कोरणाऱ्याला आज सकाळी पटाशी मारण्याआधीच उद्याचा विचार करून ठेवावा लागतो. शिवाय ओंडक्याचेही स्वतःचे काही म्हणणे असते. 1893 च्या शिकागो प्रदर्शनासाठी कोउन यांनी जे माकड कोरायला घेतले, ते मुळात पांढरे असायचे होते, कारण तोची या झाडाचे लाकूड पांढरे निघेल अशी त्यांची अपेक्षा होती. ओंडका प्रत्यक्षात तपकिरी निघाला, आणि पांढऱ्या माकडाच्या जागी रानात म्हातारे झालेले, मुठीत गरुडाची पिसे धरून वर रोखून पाहणारे ते ‘वृद्ध वानर’ जन्माला आले. मातीत काम करणाऱ्यावर मातीचा रंग असली सक्ती कधीच करत नाही. आणि ज्यांना वाटते की हुबेहूबपणा जपानला युरोपीय मातीकामाने शिकवला, त्यांनी या वानराच्या अंगावरच्या केसांच्या दिशा पाहाव्यात.

आता ज्या एका मुद्द्यासाठी हे सारे लिहायला घेतले, त्याकडे येतो. शिल्प हाती कोणत्या पदार्थात आले यावरून ते कोरीव की मातीचे हे ठरत नाही. आकार पहिल्यांदा कशात आणि कसा सापडला, यावरून ते ठरते.

तोक्योच्या राजवाड्याबाहेर कुसुनोकी मासाशिगे या योद्ध्याचा घोड्यावरचा ब्राँझचा पुतळा आहे. सुमितोमो घराण्याने आपल्या बेश्शी तांब्याच्या खाणीला दोनशे वर्षे झाल्याच्या निमित्ताने तो करून घेतला. काम तोक्यो कलाशाळेकडे होते आणि नेतृत्व कोउन यांच्याकडे, तर घोडा गोतो सादायुकी यांचा. पूर्ण पुतळा उभा राहिला 1900 मध्ये, पण त्याआधी 1893 मध्ये त्याची पूर्ण आकाराची प्रतिमा सम्राटांना दाखवण्यासाठी राजवाड्याच्या आवारात जुळवून उभी करण्यात आली होती. ती प्रतिमा लाकडाची होती आणि सुट्या भागांची होती. कोउन यांनी त्या दिवसाची जी आठवण सांगितली आहे, तिच्यात पाहणी चालू असतानाच वाऱ्याने शिरस्त्राणावरचे पाते हलू लागते, कारण तिथली पाचर ठोकायची राहून गेलेली असते, आणि ते आता गळून पडते की काय या धास्तीने कोउन यांच्या जिवात जीव राहत नाही. या एका विसरलेल्या पाचरीत सगळे उत्तर आहे. मातीच्या नमुन्यात पाचर कुठून येणार? जपानी मंदिरांतल्या मोठ्या मूर्ती शतकानुशतके ज्या रीतीने लाकडाचे तुकडे जोडून उभ्या राहत, तीच रीत इथे ब्राँझच्या पुतळ्याची आई झाली होती.

उएनो बागेतला साइगो ताकामोरी यांचा 1898 मधला पुतळाही असाच, आधी लाकडात कोरून मग ओतलेला. ओतकाम ओकाझाकी सेस्सेइ यांनी केले. उंची सुमारे 3.7 मीटर, शेजारी कुत्रा, आणि तोही गोतो यांचाच. ब्राँझचा, सार्वजनिक चौथऱ्यावरचा, एका आधुनिक माणसाचा पुतळा म्हटल्यावर बघणारा त्याला बिनदिक्कत ‘पाश्चात्त्य पद्धतीचा’ ठरवतो. चौथरा आणि प्रसंग पाश्चात्त्य आहेत, हे खरे. पुतळ्याचा आकार मात्र ज्या हातांनी काढला, ते मूर्तिकाराचे होते.

याच्या नेमके उलट उदाहरण शिल्पकार हिराकुशी देंचू यांचे आहे. त्यांचे ‘कागामिजिशी’ हे काबुकी नट सहावे ओनोए किकुगोरो यांचे सुमारे दोन मीटर उंचीचे रंगीत लाकडी शिल्प वीसेक वर्षांच्या खटाटोपानंतर 1958 मध्ये पुरे झाले. पाहताक्षणी ते अस्सल जपानी कोरीवकाम वाटते. परंतु देंचू यांची नेहमीची रीत अशी होती, की आधी मातीत घडवायचे, प्लास्टरमध्ये उतरवायचे, आणि त्यावरचे बिंदू मोजून ते लाकडात नेमक्या खोलीवर टिपत जायचे. जपानीत या पद्धतीला ‘होशितोरी’ म्हणतात, म्हणजे शब्दशः तारे टिपणे. कागामिजिशीसाठी तर त्यांनी वेशाच्या आतले शरीर समजावे म्हणून आधी त्या नटाची उघड्या अंगाची प्रतिमा केली होती. लाकूड शेवटी आले. फ्रेंच शिल्पकार रोदँचे संगमरवरही याच जातीचे आहे: विचार मातीत झालेला आणि दगड बहुतांशी सहायकांनी कापलेला. तरीही ‘रोदँने संगमरवरातून आकृती मुक्त केली’ अशी वाक्ये छापली जातात, आणि ती वाचली की माझा चहा गार होतो.

हा भेद जपान्यांना तेव्हाच बोचत होता. कलासमीक्षक ओमुरा सेइगाई यांनी 1894 मध्ये ‘चोसो’ हा जोडशब्द सुचवला. त्यातला ‘चो’ कोरण्याचा आणि ‘सो’ मातीने घडवण्याचा. त्याआधी रूढ असलेल्या ‘चोकोकु’ या शब्दाच्या दोन्ही अर्ध्यांत कोरणेच होते. 1889 मध्ये उघडलेल्या तोक्यो कलाशाळेत शिल्प म्हणजे फक्त लाकडी कोरीवकाम होते. मातीकामाचा वर्ग तिथे 1899 मध्ये आला, व्हेनिसला शिकून आलेल्या नागानुमा मोरियोशी यांच्याबरोबर. मराठीत आपण अजून ‘शिल्प कोरले’ या एकाच क्रियापदावर सगळे भागवतो. ‘घडवले’ म्हणायला काय हरकत आहे, हे मला उमगलेले नाही.

कोतारो यांची पंचाईत ही, की त्यांना दोन्ही येत होते. वडिलांच्या घरात पटाशी शिकलेला हा मुलगा 1906 ते 1909 या काळात न्यूयॉर्क, लंडन आणि पॅरिसला राहून आला, रोदँचा भक्त होऊन परतला, आणि वडिलांना कलावंत न मानता कारागीर मानू लागला. 1918 च्या सुमाराचा त्यांचा प्रसिद्ध ‘हात’ मातीत घडवून ब्राँझमध्ये ओतलेला आहे. तो त्यांचा स्वतःचा डावा हात आहे, आणि त्याची ठेवण बुद्धमूर्तींतल्या अभयमुद्रेवरून घेतलेली आहे. त्या ब्राँझखालची लाकडी बैठक मात्र त्यांनी स्वतः कोरली. पुढे 1926 मध्ये त्यांनी लाकडात एक मागूर-जातीचा मासा कोरला. त्याच्या गुळगुळीत अंगावरचे सुरीचे सपाट काप प्रकाश फिरला की एकेक करून दिसू लागतात. मला विचाराल तर ‘हात’ भाषणाला उभा राहिल्यासारखा वाटतो आणि मासा आपल्या पाण्यात असतो, म्हणून निवडायचेच झाले तर मी मासा निवडीन.

वडील गेल्यावर कोतारो यांनी त्यांचा अर्धपुतळा केला. तो उएनोमध्येच, जुन्या तोक्यो कलाशाळेच्या म्हणजे आजच्या कलाविद्यापीठाच्या आवारात आहे. जन्मभर लाकूड कोरलेल्या माणसाचा हा पुतळा मुलाने मातीत घडवून ब्राँझमध्ये ओतवला, आणि तिथून पायी जाण्याच्या अंतरावर साइगो आपल्या कुत्र्यासह उभा आहे.