हिरवळीवरील प्रेअरी पुनःस्थापन

अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागातील विद्यापीठांच्या आवारांत शोभेची हिरवळ काढून तेथे उंच गवताची मूळ प्रेअरी (नैसर्गिक गवताळ माळरान) पुन्हा वाढवण्याची पद्धत. एकोणिसाव्या शतकात पोलादी नांगर आला आणि प्रेअरीची काळी, कसदार जमीन मका-गव्हाखाली गेली. आयोवा राज्यात मूळ प्रेअरीचा हजारावा हिस्साही उरला नाही. रेल्वेमार्गांच्या कडेला आणि जुन्या दफनभूमींत जिथे नांगर फिरला नाही, तिथे तिचे तुकडे टिकले.

या कामाचा पाया मॅडिसन येथील विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या वृक्षोद्यानात घातला गेला. निसर्गसंवर्धक ॲल्डो लिओपोल्ड आदींच्या कल्पनेनुसार 1935 पासून तेथे एका जुन्या शेतावर प्रेअरीची लागवड सुरू झाली. महामंदीत बेकार झालेल्या तरुणांच्या सरकारी पथकाने श्रम केले आणि थिओडोर स्पेरी या वनस्पतिशास्त्रज्ञाने देखरेख केली. सुमारे 30 हेक्टरांच्या या क्षेत्राला पुढे तेथील वनस्पतिशास्त्रज्ञ जॉन कर्टिस यांचे नाव मिळाले. पुनःस्थापित प्रेअरींमध्ये ही सर्वांत जुनी मानली जाते.

लावलेल्या रोपांना तेथे युरोपातून आलेल्या केंटकी ब्लूग्रासने जेरीस आणले. अमेरिकेतील हिरवळींवर सर्रास आढळणारे गवत हेच, म्हणून कर्टिस यांनी 1940 च्या दशकात केलेले वणव्याचे प्रयोग आजही प्रत्येक आवाराच्या कामी येतात. ब्लूग्रास थंडी सरताच फुटते; बिग ब्लूस्टेम (आपल्याकडील मारवेल व कुसळी यांच्या जातकुळीतले), इंडियन ग्रास ही प्रेअरीची गवते जमीन तापल्यावर जागी होतात. वसंताच्या सुरुवातीला आग लावली, तर ब्लूग्रासचे कोवळे पाते जळते आणि प्रेअरीचे कोंब मातीखाली सुरक्षित राहतात. राखेने काळी पडलेली जमीन लवकर तापते, तेही त्यांच्या पथ्यावर पडते. हो-चंक व इतर मूलनिवासी लोक पिढ्यान्‌पिढ्या गवत जाळत आले होते. त्यांना हुसकावल्यावर ही आगही थांबली होती.

पद्धतीत सर्वाधिक कस लागतो तो जुने गवत मारताना. तणनाशक एकाहून अधिक वेळा फवारतात किंवा संपूर्ण हंगामभर जमीन काळ्या प्लास्टिकने झाकून ठेवतात. खोल नांगरट टाळावी, कारण पुरलेले तणबी वर येते. बियाणे जवळच्या मूळ तुकड्यांतून गोळा केलेले असावे. अनेक जातींच्या बियांना उगवण्यापूर्वी ओलसर थंडी लागते, म्हणून पेरणी हिवाळ्याच्या तोंडावर करतात. पहिल्या वर्षी रोपे मुळे खोल धाडण्यात गुंतलेली असतात. वर दिसते ते बहुतेक तणच. ते वितभर उंचीवर छाटत राहावे लागते. धीर सुटण्याचा धोका याच टप्प्यावर असतो. तिसऱ्या वर्षाच्या सुमारास फुलोरा दिसू लागतो. ब्लूग्रासची मुळे वरच्या थरातच राहतात, तर बिग ब्लूस्टेमची दोन-तीन मीटर खोल जातात. त्यामुळे पावसाचे पाणी मुरते आणि जम बसल्यावर सिंचन किंवा खत लागत नाही. मोनार्क फुलपाखराच्या अळ्यांना लागणारे मिल्कवीड हे रोपही या मिश्रणात असते.

इमारतींच्या दाटीत वणवा लावणे अवघड असते. तिथे कापणी करून कापलेले गवत उचलून नेतात, पण आगीची सर त्याला येत नाही. कर्टिस प्रेअरीतही काम संपलेले नाही: भोवतालच्या रस्त्यांवरून वाहून येणाऱ्या पाण्यामुळे तिच्या ओलसर भागात रीड कॅनरी ग्रास हे आक्रमक गवत पसरते आणि ते सतत आवरावे लागते.