सलाईनमधले ०.९ टक्के आले कुठून?

पावसाळ्यात गॅस्ट्रोचे रुग्ण वाढले, की मुंबईत कस्तुरबापासून गल्लीतल्या नर्सिंग होमपर्यंत सगळीकडे सलाईनच्या बाटल्या लटकू लागतात. लेबलवर सोडियम क्लोराइड ०.९ टक्के, म्हणजे लिटरमागे ९ ग्रॅम. हा आकडा ठरण्याच्या पन्नासेक वर्षं आधीच डॉक्टर शिरेतून मीठपाणी देऊन बसले होते. १८३२ च्या कॉलऱ्यात स्कॉटलंडमधल्या लीथला थॉमस लाटा यांनी ते दिलं. मरणाच्या दारातले काही रुग्ण तरतरीत झाले. पण ते द्रावण रक्ताच्या मानाने बरंच फिकं होतं.

मीठ किती, हे अखेर सांगितलं ते एका पानाने. मुंबईतल्या सोसायट्यांच्या कुंड्यांत हमखास दिसणारा, पानाखालून जांभळा असलेला ऱ्हीओ. अकरावी-बारावीच्या प्रॅक्टिकलला त्याचीच साल सोलतात. हॉलंडच्या ह्यूगो द व्ह्रीस यांनी १८८४ साली प्रसिद्ध केलेले प्रयोग याच झाडावर होते. पेशीतला रस मुळातच रंगीत, त्यामुळे बाहेरच्या तीव्र द्रावणाने पाणी ओढून घेतलं आणि तो भिंतीपासून सुटून आकसू लागला की सूक्ष्मदर्शकाखाली लगेच कळतं. साधारण निम्म्या पेशी जिथे नुकत्या आकसू लागतात, ती तीव्रता त्यांनी सोऱ्यासाठी, साखरेसाठी, इतर क्षारांसाठी एकेक करून शोधली. अशी द्रावणं एकमेकांना समपरासारी, म्हणजे पेशीतलं पाणी सारख्याच जोराने ओढणारी. तराजूवर वजनं वेगवेगळी, पेशीच्या लेखी सारखीच! ॲमस्टरडॅमचेच त्यांचे सहकारी व्हान्ट हॉफ यांनी पुढे त्याचं, म्हणजे वजनाऐवजी कणांच्या संख्येचं, गणित मांडलं. रसायनशास्त्राचं पहिलं नोबेल, १९०१ चं, त्यांना मिळालं.

त्याच सुमारास हार्टोग हाम्बुर्गर यांनी हीच परीक्षा तांबड्या पेशींवर घेतली. मीठ कमी पडलं की पेशी फुगून फुटतात आणि वरचं पाणी लाल होतं. तोवर प्रयोगशाळांत बेडकाच्या हिशेबाचं ०.६ टक्क्यांचं मीठपाणी चाले. सस्तन प्राण्यांसाठी हाम्बुर्गर यांचं उत्तर आलं ०.९२. आजही रक्तपेढीत क्रॉसमॅचआधी, म्हणजे दात्याचं रक्त रुग्णाला जुळतं का ते पाहण्याआधी, पेशी धुतात त्या याच ०.९ टक्क्यांच्या नॉर्मल सलाईननेच.

समपरासारी द्रावणात पेशीचा आकार बदलत नाही, म्हणून सगळं थांबलंय असं मुलं पेपरात लिहून येतात. तसं अजिबात नसतं. तांबड्या पेशीच्या आकारमानाच्या सुमारे १०० पट पाणी दर सेकंदाला आत जातं आणि तेवढंच बाहेर येतं. दादरच्या पुलावर दोन्हीकडून सारखीच गर्दी असावी तसं. पुलावरची माणसं मोजली तर आकडा तोच.

शिवाय नुसते कण मोजूनही भागत नाही. १.८ टक्के युरियाच्या द्रावणात ०.९ टक्के मिठाएवढेच कण असतात. तरी त्यात तांबड्या पेशी फुटतात, कारण युरिया पेशीभोवतीच्या पटलातून आत शिरतो आणि त्याच्यामागे पाणीही. मिठाचं सोडियम मात्र बाहेरच राहतं. जे थोडं झिरपतं ते पेशीतला पंप बाहेर फेकतो. हा पंप येन्स स्काऊ यांनी १९५७ मध्ये दाखवला.

पाणी मेदाच्या पटलातून इतक्या झपाट्याने कसं जातं, हे कोडं त्यानंतरही उरलं. १९९२ मध्ये पीटर एग्र यांच्या गटाने तांबड्या पेशीतल्या एका प्रथिनाचा आरएनए, म्हणजे ते प्रथिन बनवण्याचा संदेश, बेडकाच्या अंड्यांत टोचला. एरवी पातळ द्रावणात तग धरणारी ती अंडी फुगून फुटली. ॲक्वापोरिन, म्हणजे पटलातली पाण्याची वाट असलेलं हे प्रथिन, सापडलं ते असं.