पारविद्याशाखीय शाश्वतता संशोधन आणि विद्यापीठीय बीजनिधी

पाणी, जमीन, ऊर्जा, शेती, हवामान अशा गुंतागुंतीच्या प्रश्नांवर वेगवेगळ्या विद्याशाखांच्या अभ्यासकांनी आणि विद्यापीठाबाहेरच्या जाणकारांनी एकत्र काम सुरू करावे, म्हणून विद्यापीठ स्वतःच्या तिजोरीतून जी छोटी, ठरावीक मुदतीची रक्कम देते, तिला बीजनिधी म्हणतात. प्राध्यापकांच्या रोजच्या बोलण्यात तो ‘सीड मनी’. मोठ्या अनुदानाचा प्रस्ताव लिहायचा तर हाताशी प्राथमिक निष्कर्ष लागतात. ते मिळवायला पैसे लागतात, आणि पैसे देणारी संस्था तर आधी निष्कर्षच मागते. ही कोंडी फोडणे हे कोणत्याही बीजनिधीचे पहिले काम. पारविद्याशाखीय संशोधनात त्याच्याकडे दुसरेही एक काम येते : ज्यांच्या अंगावर प्रश्न येऊन पडला आहे त्यांच्यासोबत बसून मुळात प्रश्न कोणता, हे ठरवण्याचा खर्च उचलणे. व्यवहारात पहिल्या कामासाठी तरतूद होते, दुसऱ्यासाठी क्वचितच.

संकल्पना

एकाच विषयावर अनेक शाखा आपापल्या जागी बसून काम करतात तेव्हा ते संशोधन बहुविद्याशाखीय असते. त्या एकमेकींच्या पद्धती वापरू लागल्या की आंतरविद्याशाखीय. पारविद्याशाखीय संशोधनात विद्यापीठाची भिंतच ओलांडली जाते : शेतकरी, कारागीर, नगरपालिकेचा अभियंता, दूधसंस्थेचा सचिव हे माहिती देणारे न राहता संशोधनाचे भागीदार होतात. फ्रान्समधील नीस येथे १९७० साली झालेल्या परिसंवादात मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे आणि व्यवस्थाविचारक एरिक यांत्श यांनी ही कल्पना मांडली. त्यांचा भर विद्याशाखांच्या पलीकडे जाणाऱ्या ज्ञानरचनेवर होता. समाजातील भागीदारांचा मुद्दा पुढच्या दशकांत ठळक झाला. पोर्तुगालमधील आराबिदा येथे १९९४ मध्ये या विचाराची सनद तयार झाली. संयुक्त राष्ट्रांच्या ब्रुंटलंड आयोगाच्या १९८७ च्या अहवालाने शाश्वत विकासाची व्याख्या रूढ केली होतीच. २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी १७ शाश्वत विकास उद्दिष्टे स्वीकारल्यावर दोन्ही प्रवाह एकाच प्रस्तावात दिसू लागले. आज बहुतेक अर्जांत ‘कोणत्या उद्दिष्टाशी संबंधित’ असा रकाना असतो आणि तो भरणे हे अर्जातले सर्वांत सोपे काम असते.

निधीच्या रीती

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाची वुड्स संस्था २००४ पासून पर्यावरणविषयक संयुक्त प्रकल्पांना असा आरंभीचा निधी देत आली आहे. मिशिगन विद्यापीठाने २०१२ मध्ये ‘एमक्यूब्ड’ नावाचा वेगळाच प्रयोग केला. प्रत्येक इच्छुक प्राध्यापकाला २० हजार डॉलरचे एक टोकन. किमान दोन वेगवेगळ्या विभागांतल्या तिघांनी आपली टोकने एकत्र केली की ६० हजार डॉलरचा प्रकल्प उभा. तज्ज्ञांची छाननी समिती, गुणांकन, सादरीकरण यांना फाटा. कोणासोबत काम करायचे हा निर्णयच इथे निवडीची जागा घेत होता. या रचनेत सहकाऱ्याचा शोध ही पैसे मिळण्याची पूर्वअट होती, मात्र तिघेही विद्यापीठातलेच. जर्मनीत बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याने पुढे ‘वास्तव प्रयोगशाळा’ या नावाने ज्या योजना चालवल्या, त्यांत शहरे आणि नागरिकांचे गट आरंभापासून सहभागी होते.

भारतात बीजनिधीला बळ मिळाले ते बरेचसे मूल्यांकनामुळे. राष्ट्रीय मूल्यांकन व प्रत्यायन परिषदेच्या, म्हणजे ‘नॅक’च्या, निकषांत संस्था आपल्या शिक्षकांना संशोधनासाठी दरवर्षी सरासरी किती सीड मनी देते, असा स्वतंत्र प्रश्न आला. त्यामुळे ज्या विद्यापीठांच्या अर्थसंकल्पात असे खर्चाचे शीर्षच नव्हते, तिथेही ते उघडले गेले. हेतू गुणांचा असला तरी पैसा खरा होता. राज्य विद्यापीठांत ही रक्कम एका प्रकल्पाला सहसा काही लाखांच्या आत राहते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये ‘स्ट्राइड’ ही पारविद्याशाखीय संशोधनाची योजना जाहीर केली. तिचा पहिला घटक महाविद्यालये व विद्यापीठांत संशोधनक्षमता घडवण्याचा, दुसरा सामाजिक समस्या सोडवण्याचा आणि तिसरा मानव्यविद्यांतील संशोधनाचा होता. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० आणि २०२३ च्या कायद्याने स्थापन झालेले अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान हे त्यानंतरचे टप्पे. या साऱ्यांतला निधी वरून येतो, त्याचे वेळापत्रक दिल्लीत ठरते. बीजनिधीची खुबी अशी की तो कुलगुरूंच्या आवारातच मंजूर होऊ शकतो.

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ ने विद्यापीठांत चार विद्याशाखा ठेवल्या; त्यांतली चौथी ‘आंतरविद्याशाखीय अभ्यास’ या नावाची. तिच्यात शिक्षणशास्त्र, शारीरिक शिक्षण, ग्रंथालयशास्त्र असे विषय आहेत. नदीच्या प्रदूषणावर काम करू पाहणाऱ्या रसायनशास्त्रज्ञ आणि समाजशास्त्रज्ञाला या चौथ्या शाखेचा फारसा उपयोग नाही. ते आपापल्या शाखांतच राहतात आणि त्यांना जोडायला निधीच लागतो.

कोल्हापूर परिसर

१९६२ मध्ये स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात कोल्हापूर, सांगली आणि सातारा हे तीन जिल्हे येतात. गगनबावड्याचा धो-धो पाऊस, शिरोळचा पूरपट्टा आणि जत-आटपाडीचा दुष्काळ हे सगळे एकाच विद्यापीठाच्या हद्दीत. पर्यावरणशास्त्र, भूगोल, अर्थशास्त्र, समाजशास्त्र यांचे विभाग, ग्रामीण विकासाचे यशवंतराव चव्हाण स्कूल आणि शाहू संशोधन केंद्र एकाच आवारात आहेत. शहरात महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे प्रादेशिक ऊस व गूळ संशोधन केंद्र आहे, इचलकरंजीत वस्त्रोद्योगाचे शिक्षण देणारी ‘डीकेटीई’ संस्था. इतकी जवळीक असूनही यांतले दोघे-तिघे एका प्रश्नावर एकत्र येणे आपोआप घडत नाही.

पारविद्याशाखीय निधी कशासाठी लागतो, हे पाहायला गुऱ्हाळासारखे ठिकाण नाही. छत्रपती शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरी वसवली ती गुळाच्या व्यापारासाठी. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. गुऱ्हाळघरात चरकातून आलेला रस काहिलीत, म्हणजे मोठ्या कढईत, पडतो, खाली चुलवाणात वाळलेले चिपाड जळत असते. रस तापू लागला की भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालतात. त्याने मळी वर येते आणि ती झाऱ्याने काढतात. शेवटी गुळव्या, म्हणजे गूळ शिजवणारा कारागीर, पाकाचा थेंब गार पाण्यात टाकतो, त्याची गोळी बोटांनी दाबून बघतो आणि काहील उतरवायला सांगतो. तापमापी तिथे ११८ अंशांच्या आसपासचा आकडा दाखवील. पण उसाची जात, खोडवा की लागण, जमीन खारवट की निचऱ्याची, यावर तो क्षण पुढे-मागे होतो आणि ते गुळव्याला कळते.

आता प्रश्न रंगाचा. गूळ पिवळाधमक दिसावा म्हणून हायड्रॉस पावडर, म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट, घालण्याची सवय पडली. ती आरोग्याला बरी नाही, आणि साठवणीत असा गूळ पुन्हा काळवंडतो. रसायनशास्त्राला हा प्रश्न सोपा वाटतो : भेंडी वापरा, हायड्रॉस सोडा. पण शाहू मार्केट यार्डात सौदा निघतो तेव्हा अडत्या आणि खरेदीदार रवा, म्हणजे गुळाची ढेप, फोडून आधी रंग बघतात. कोल्हापुरी गुळाचे मोठे गिऱ्हाईक गुजरातेत आहे आणि त्याला पिवळा गूळ हवा असतो. तपकिरी गुळाला दर कमी लागला की गुऱ्हाळमालक दुसऱ्या काहिलीपासून पुन्हा पावडर टाकतो. शिवाय साखर मिसळलेला गूळ बाजारात आला की निव्वळ उसाचा गूळ दराच्या शर्यतीत मागे पडतो, आणि कामगारही मिळेनासे झाल्याने गुऱ्हाळघरेच बंद पडत आली आहेत. म्हणजे प्रश्न रसायनाचा, बाजाराचा, मजुरीचा, चुलवाणाच्या इंधनाचा आणि ग्राहकाच्या डोळ्याचा एकदमच आहे. ‘हायड्रॉसला पर्याय’ हा प्रस्ताव रसायनशास्त्राचा विभाग एकटा लिहील तर पर्याय सापडेलही, पण तो प्रयोगशाळेतच राहील. गुळव्या आणि अडत्या पहिल्या बैठकीला हजर असतील, तर कदाचित प्रश्नच बदलेल : पावडरीविना केलेला गूळ सौद्यात वेगळा ओळखू कसा यावा?

पुराचे तसेच. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या नद्या आणि गुप्त सरस्वती मिळून प्रयाग चिखलीला पंचगंगा होते. पुढे नृसिंहवाडीला ती कृष्णेला मिळते. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्याही वर गेले. धरणांचा विसर्ग, कर्नाटकातील अलमट्टी धरणाचा फुगवटा, पूररेषेतील बांधकामे यांवर जलशास्त्राच्या अंगाने पुष्कळ लिहिले गेले. पण नदीकाठच्या गावात निर्णय होतो तो गोठ्याच्या हिशेबाने. माणसे निघायला तयार असतात. म्हशी कुठे न्यायच्या, वैरण कुठून आणायची आणि दोन वेळचे दूध कोण उचलणार, हे ठरल्याशिवाय घर सुटत नाही. चिखली-आंबेवाडीच्या लोकांना पुनर्वसनासाठी सोनतळीला जागा मिळाल्या, तरी पुष्कळांचे राहणे जुन्या गावातच राहिले, कारण शेत आणि जनावरे तिथेच. पूर्वसूचनेच्या प्रारूपात विसर्गासोबत जनावरांच्या छावणीची क्षमताही धरायला हवी, हे गावातला माणूस पहिल्या पाच मिनिटांत सांगतो.

इचलकरंजीच्या प्रक्रिया उद्योगांचे सांडपाणी, फौंड्रीतली टाकाऊ वाळू, बाभळीची साल व हिरडा वापरून होणारी कोल्हापुरी चपलेच्या कातड्याची कमावणी, राधानगरी परिसरात पिकांत उतरणारे गवे, हे याच जातीचे इतर विषय.

हिशेब आणि हंगाम

बीजनिधीची खरी परीक्षा वित्त विभागात होते. मंजुरीपत्रात शीर्ष ठरलेले असतात : उपकरणे, रसायने व काचसामान, प्रवास, आकस्मिक खर्च. एका रात्रीचे काम सोडून चर्चेला आलेल्या गुळव्याची बुडालेली मजुरी यांतल्या कशात बसवायची? प्रवासात बसत नाही, कारण तो शेजारच्याच गावचा. मानधन म्हणावे तर त्यासाठी पदनाम, पॅन आणि बँकखाते लागते, आणि ‘तज्ज्ञ’ या व्याख्येत तो बसतो का, अशी शंका लेखापरीक्षणात निघते. मग होते असे की त्याला चहा मिळतो, आणि अहवालात ‘शेतकऱ्यांशी संवाद’ अशी ओळ येते. समाजातल्या भागीदाराला पैसे देता येतील असे शीर्ष मंजुरीपत्रात पहिल्यापासून असणे, ही या निधीची सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्मीळ सुधारणा आहे.

दुसरी अडचण दिनदर्शिकेची. उसाचा हंगाम दिवाळीच्या आगेमागे सुरू होतो आणि उन्हाळ्याच्या तोंडाला संपतो. पूर येतो जुलै-ऑगस्टमध्ये. विद्यापीठाचे आर्थिक वर्ष संपते ३१ मार्चला. मंजुरी डिसेंबरात आली, दरपत्रके मागवून खरेदी होईपर्यंत फेब्रुवारी उजाडला, की चुलवाणे विझायच्या बेतात असतात आणि विनियोग प्रमाणपत्राची तारीख डोक्यावर. शिल्लक रक्कम परत करण्यापेक्षा एखादा प्रिंटर घेतलेला बरा, हा मार्चअखेरचा शहाणपणा मग इथेही चालतो. शाश्वततेच्या प्रश्नांना निदान दोन हंगाम पाहावे लागतात, त्यामुळे रक्कम तीच ठेवून मुदत दोन वर्षांची करणे आणि शिल्लक पुढे नेऊ देणे, याने पुष्कळ साधते.

निवड आणि मूल्यमापन

अनेक शाखांचा प्रस्ताव एका शाखेच्या तज्ज्ञाकडे गेला की तो त्याला अर्धाकच्चा वाटतो. ऑस्ट्रेलियन संशोधन परिषदेकडे आलेल्या १८ हजारांहून अधिक प्रस्तावांचा अभ्यास २०१६ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला, प्रस्ताव जितका आंतरविद्याशाखीय, तितकी त्याची मंजूर होण्याची शक्यता कमी, असे त्यात दिसले. विद्यापीठाचा अंतर्गत निधी हा या पूर्वग्रहावरचा उतारा ठरू शकतो, पण छाननी समितीत विद्यापीठाबाहेरचा माणूस असेल तरच. नुसते ग्रामपंचायतीचे सहमतीपत्र जोडून भागत असेल, तर सरपंचांची सही शेवटच्या दिवशी आणली जाते आणि तिथेच भागीदारी संपते.

फलिताचे मोजमापही अवघड. शोधनिबंधांची संख्या मोजणे सोपे. शिक्षकाच्या पदोन्नतीत तीच धरली जाते. गुऱ्हाळमालकाने पुढच्या हंगामात काय बदलले, दूधसंस्थेने छावणीचा आराखडा स्वीकारला का, हे नोंदवायला रकाना नसतो. निबंधावर गुळव्याचे नाव सहलेखक म्हणून यावे की ऋणनिर्देशात, यावर अजून संकेत पक्का झालेला नाही; त्याच्या ज्ञानातून पेटंट निघाले तर वाटा कोणाचा, हा त्याहून मोठा प्रश्न निधी देतानाच लिहून ठेवावा लागतो.

पुढचा पैसा

बीजनिधी संपल्यावर प्रकल्प कोणाकडे जाणार, हे ठरलेले नसेल तर तो कपाटात जातो. राष्ट्रीय प्रतिष्ठानाची अनुदाने, जिल्हा नियोजन समिती आणि कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी हे कोल्हापुरातून दिसणारे तीन मार्ग. कंपनी अधिनियम २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना सरासरी निव्वळ नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्चावे लागतात, आणि २०१९ पासून सार्वजनिक विद्यापीठांतील शाश्वत विकास उद्दिष्टांसाठीचे संशोधन त्यात बसते. मात्र तरतुदीत विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी आणि वैद्यक एवढ्याच शाखांची नावे आहेत. सौद्यातल्या दराचा किंवा पूरग्रस्तांच्या स्थलांतराचा अभ्यास या वाटेने पुढे नेणे कठीण. आणि ज्यांचा या प्रश्नांशी सर्वांत जवळचा संबंध, ते सहकारी साखर कारखाने आणि दूध संघ सहकार कायद्याखाली नोंदलेले असल्याने २ टक्क्यांचे हे बंधन त्यांना लागूच होत नाही. त्यांच्याकडून निधी मिळवायचा तर संचालक मंडळापुढे विषय ठेवावा लागतो, आणि वार्षिक सभेत सभासद विचारतील त्या प्रश्नाचे उत्तर तयार ठेवावे लागते.